घरच्या फोटोंत चेहरे पुसट येतात: नवी झूम लेन्स घेण्याआधी करायच्या तपासण्या

कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स चांगली नाही, घरच्या माणसांचे फोटो काढायला कोणती झूम लेन्स घ्यावी, असा प्रश्न नात्यातून आणि ओळखीपाळखीतून माझ्याकडे वर्षानुवर्षे येत आहे. कॅमेरा बहुधा एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारा भाग फुल-फ्रेमपेक्षा लहान असलेला) असतो आणि त्यावर १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स असते. दोष मात्र फार थोड्या वेळा त्या लेन्समध्ये सापडतो. म्हणून लेन्सच्या निवडीचा प्रश्न मी तपासणीच्या शेवटी ठेवतो. कारण आधीच्या पायऱ्या नीट केल्या, तर कोणती लेन्स हवी याचे उत्तर आपल्याच जुन्या फोटोंतून मिळते.

लक्षणे

प्रथम तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवावे, कारण "फोटो चांगले येत नाहीत" या एका वाक्यात निदान सहा-सात वेगळे दोष दडलेले असतात. दिवसा अंगणात काढलेले फोटो उत्तम येतात आणि रात्री घरात काढलेले पुसट येतात, ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. काही फोटोंत एखादी वस्तू अगदी स्पष्ट असते, पण डोळे स्पष्ट नसतात. काहींत फोटोतील सर्वच गोष्टी हललेल्या दिसतात आणि दिव्यांच्या ठिपक्यांच्या जागी छोट्या रेघा उमटतात. कधी प्रत्येक फोटोवर धुरकट थर आल्यासारखा वाटतो, कधी फोटोची एकच बाजू सतत अस्पष्ट राहते. चेहरा स्पष्ट असूनही नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, ही तक्रार वेगळी. आणि मागची पार्श्वभूमी धूसर होत नाही, ही आणखी वेगळी. शेवटची तक्रार सोडली, तर यांपैकी कोणत्याही कारणासाठी लगेच पैसे खर्च करू नयेत.

मूळ फाइल आणि लेन्सची काच

पहिली तपासणी फुकट आहे. फोटो कुठे पाहिला, हे विचारावे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करून आणि दाबून पाठवला जातो. साडीच्या काठावरची नक्षी आणि केसांच्या बटा यांसारखा बारीक तपशील त्यात सर्वांत आधी जातो. कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ फाइल संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून पाहावी. ती स्पष्ट असेल, तर दोष पाठवण्याच्या पद्धतीत आहे. असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

त्यानंतर लेन्सच्या पुढच्या काचेवर मोबाइलची टॉर्च तिरकी धरावी. घरात लहान मुले असतील, तर काचेवर बहुधा एखादा बोटाचा ठसा निघतोच, आणि समोरून प्रकाश आला की त्याच ठशामुळे फोटो पांढुरका होतो. आधी ब्लोअरने धूळ उडवावी आणि मगच मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने मधून कडेकडे गोलाकार पुसावे. धूळ न उडवता पुसले, तर तिचे कण काचेवर ओरखडे पाडतात. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल, तर तो काढून एकाच जागेवरून दोन फोटो घ्यावेत, एक फिल्टरसह आणि एक फिल्टरविना. झूमच्या लांब टोकाला हलक्या प्रतीच्या फिल्टरमुळे स्पष्टता उघड कमी होते.

टॉर्चच्या उजेडात काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळाभर कॅमेरा कापडी बॅगेत, तीही कपाटात बंद ठेवणाऱ्यांच्या लेन्समध्ये ती हटकून दिसते. बुरशी आतल्या काचांवर असल्यामुळे घरी काहीही करू नये. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

दृश्यच धूसर दिसते पण फोटो चांगला येतो, अशी तक्रार असेल, तर व्ह्यूफाइंडरशेजारचे (डोळा लावून पाहायच्या खिडकीशेजारचे) डायॉप्टरचे छोटे चाक फिरवून आतील अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत जुळवून घ्यावे.

शटर स्पीड

माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष येथे सापडतात. पुसट आलेल्या फोटोची माहिती उघडून त्यात शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत आला), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे होते; एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि फोकल लेन्थ (मिलीमीटरमधला झूमचा आकडा) हे चार आकडे पाहावेत; संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते असतात. घरातल्या रात्रीच्या फोटोत शटर स्पीड १/३० किंवा १/६० सेकंद आढळला, तर पुढे फारसे शोधावे लागत नाही.

येथे दोन प्रकारचे हलणे वेगळे ओळखता आले पाहिजे, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. भिंतीवरचे घड्याळ स्पष्ट आणि मुलाचा हात पुसट असेल, तर मूल हलले आहे. घड्याळ, मूल, पडदा हे सर्व एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. लेन्समधील स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, दुसऱ्या दोषावर चालते, पहिल्यावर अजिबात चालत नाही. स्टॅबिलायझेशन असलेली महाग लेन्स घेऊनही धावत्या नातवंडांचे फोटो पुसटच येतात, त्याचे कारण हेच आहे.

हात स्थिर ठेवून काढलेल्या फोटोसाठी जुना नियम असा की शटर स्पीड एक भागिले फोकल लेन्थ यापेक्षा हळू नसावा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर त्यात सेन्सरच्या आकाराचा दीडपट हिशेब धरावा, म्हणजे ५५ मिलीमीटरला किमान १/८० सेकंद. हा नियम केवळ हाताच्या थरथरीपुरता आहे. शांत बसलेल्या प्रौढ माणसासाठी १/१२५, बोलत्या-हसत्या माणसांसाठी १/२०० आणि खेळत्या मुलांसाठी १/२५० ते १/५०० सेकंद मी धरतो. कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटर स्पीड आपण ठरवायचा, ॲपर्चर कॅमेऱ्याने) ठेवून आयएसओ ऑटो करावा. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर स्पीड ठरवून देण्याची सोय असेल, तर तीच वापरावी.

यावर येणारा आक्षेप ठरलेला असतो: आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात. ते खरे आहे, परंतु दाणे असलेला स्पष्ट चेहरा नंतर सुधारता येतो, हललेला चेहरा सुधारता येत नाही. एक बारीक सूचना या ठिकाणी देणे आवश्यक वाटते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि जलद शटर स्पीडला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास, फोटोत आडवे पट्टे उमटतात. असे झाल्यास १/१०० सेकंदावर यावे किंवा कॅमेऱ्यातील अँटी-फ्लिकरची सोय चालू करावी. हे पट्टेसुद्धा लेन्समुळे येत नाहीत.

फोकस कुठे पडला

वाढदिवसाच्या फोटोत केकवरच्या मेणबत्तीची वात, तिच्याभोवतीचे विरघळलेले मेण आणि फुंकर घालणाऱ्या मुलीच्या बाहीचा विणकामाचा टाका न् टाका स्पष्ट असतो, पण तिचे डोळे मात्र लोण्यासारखे मऊ दिसतात. असा फोटो पाहिला की लेन्स निर्दोष आहे हे लगेच समजते, कारण तिने बाहीचा तपशील व्यवस्थित टिपलेला आहे. कॅमेऱ्याला फोकसचा बिंदू स्वतः निवडू दिला, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू धरतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू करावा. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, एकच बिंदू निवडून तो कॅमेऱ्याकडे जवळ असलेल्या डोळ्यावर ठेवावा. हलत्या मुलांसाठी सतत चालणारा ऑटोफोकस वापरावा, कारण एकदा जुळवून थांबलेला फोकस मूल अर्धे पाऊल पुढे आले तरी चुकतो.

स्पष्टतेची खोली, म्हणजे फोकसच्या पुढची-मागची किती जागा स्पष्ट येते ती, किती कमी असते, याचा अंदाज असावा. दोन मीटर अंतरावरून ५५ मिलीमीटर आणि एफ ५.६ वर ती सुमारे ३० सेंटीमीटर असते. त्याच अंतरावरून ५० मिलीमीटर आणि एफ १.८ वर ती जेमतेम ११-१२ सेंटीमीटर उरते. आजी-आजोबा पुढे-मागे बसले असतील, तर एफ १.८ वर दोघांपैकी एकच स्पष्ट येणार. अशा फोटोसाठी एफ ४ किंवा एफ ५.६ घ्यावा, किंवा दोघांना एका रेषेत बसवावे.

अंतर, आणि छतावरून परतवलेला प्रकाश

चेहऱ्याचे प्रमाण लेन्सने नव्हे, अंतराने बिघडते. डोके आणि खांदे मिळून उभ्या चौकटीत भरायचे असतील, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिलीमीटरला माणसापासून अर्ध्या मीटरवर जावे लागते. तेवढ्या जवळून नाक कानांपेक्षा खूपच पुढे असल्याने मोठे दिसते. ५५ मिलीमीटरला हेच अंतर दीड मीटर होते आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. म्हणून किट लेन्स टाकून देण्यापूर्वी तिचे ५५ चे टोक लावावे, दोन पावले मागे जावे आणि त्या व्यक्तीला खिडकीच्या कडेला, उजेड गालावर तिरका पडेल असे बसवावे. खिडकी पाठीमागे आली, तर चेहरा काळवंडतो.

रात्रीच्या प्रकाशाचा हिशेब थोडा सविस्तर सांगतो, कारण लेन्स घेण्याचा निर्णय त्यावर ठरतो. एकच ट्यूबलाइट असलेल्या नेहमीच्या खोलीत एफ ५.६ आणि १/१२५ सेकंद हवा असेल, तर आयएसओ ६४०० ते १२८०० पर्यंत जातो. एफ २.८ वर लेन्समधून चौपट प्रकाश येतो, त्यामुळे आयएसओ १६०० ते ३२०० पुरतो. हा फरक मोठा आहे आणि एफ २.८ च्या झूमसाठी लोक पैसे मोजतात ते याचसाठी. परंतु डोके वर फिरवता येणारा साधा फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवला, तर याहून मोठा फरक कमी खर्चात पडतो; प्रकाश मऊ येतो आणि फ्लॅशची चमक इतकी क्षणिक असते की मुलाची हालचालही थांबते. छत रंगीत असेल, तर त्या रंगाची छटा चेहऱ्यावर येते, आणि सभागृहाच्या उंच छतावरून प्रकाश परतत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर थेट फ्लॅश मारू नये.

भिंतीवरची चाचणी

वरील सर्व करूनही अस्पष्टता राहिली, तरच लेन्सवर संशय घ्यावा. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची मोठी पाने चारही कोपऱ्यांत आणि मध्ये चिकटवावीत. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर ठेवावा, स्टॅबिलायझेशन बंद करावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि भरपूर उजेडात झूमच्या दोन्ही टोकांना व मध्यावर, सर्वांत मोठ्या ॲपर्चरला आणि एफ ८ वर फोटो घ्यावेत. मोठ्या ॲपर्चरला चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे. एफ ८ वर ते सुधारतात. डावी बाजू स्पष्ट आणि उजवी बाजू एफ ८ वरही पुसट, असे झाल्यास आधी कॅमेरा खरोखर समांतर होता का ते पाहून चाचणी पुन्हा करावी. तरीही तीच बाजू पुसट राहिली, तर आतील एखादी काच केंद्रातून सरकली आहे. लेन्स पडल्यानंतर हे बऱ्याचदा होते.

डीएसएलआर असेल, तर आणखी एक चाचणी करावी. एकाच वस्तूवर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करून फोटो घ्यावा. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरून फोकस ठरवतो, तर व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर अवलंबून असतो. पहिला फोटो वारंवार पुसट आणि दुसरा वारंवार स्पष्ट येत असेल, तर काच ठीक असून फोकसची जुळणी बिघडलेली आहे. वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत ही जुळणी मेनूमधून करता येते. प्राथमिक श्रेणीतील बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय नसते.

येथे थांबावे

आत बुरशी दिसणे, एकच बाजू पुसट राहणे, व्ह्यूफाइंडरच्या फोकसमध्ये कायमचा फरक पडणे, झूमची रिंग एखाद्या ठिकाणी अडकणे किंवा खरखरणे, आणि ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओलसर चकाकता थर दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढचे काम कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचे किंवा लेन्सच्याच दुरुस्तीत मुरलेल्या कारागिराचे आहे. कॅमेरा लेन्सशी संपर्क तुटल्याचा संदेश देत असेल, तर कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि मागील धातूचे संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसून पाहावेत. संदेश झूमच्या ठरावीक जागीच येत असेल, तर आतील चपटी केबल झिजली असण्याची शक्यता मोठी असते आणि पुसण्याने काही साधत नाही.

लेन्स घरी उघडू नये, हे मी कळकळीने सांगतो. आतील काचा एका ठरावीक अंतरावर आणि एका अक्षावर बसवलेल्या असतात. स्क्रू काढून बुरशी पुसता येते, पण काच पुन्हा त्याच जागी बसवण्यासाठी लागणारी उपकरणे घरी नसतात. केंद्रात आधी खर्चाचा लेखी अंदाज मागावा. किट लेन्सच्या दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा तशाच वापरलेल्या लेन्सच्या किमतीइतका होतो आणि मग दुरुस्ती करण्यात अर्थ राहत नाही. बुरशी काढून घेतल्यावर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी, अन्यथा पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत येते.

मग लेन्स कोणती

गेल्या वर्षभरातले आपल्याला आवडलेले घरचे फोटो वेगळे काढावेत आणि प्रत्येकाची फोकल लेन्थ पाहावी. फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांत फोकल लेन्थनुसार फोटो गाळून पाहण्याची सोय असते. बहुतेक फोटो १८ ते ३५ मध्ये असतील, आयएसओ सतत वरच्या टोकाला असेल आणि घरात फ्लॅश वापरणे आवडत नसेल, तर झूमच्या सर्व टोकांना एफ २.८ स्थिर ठेवणारी छोटी झूम हे खरे उत्तर आहे. जुन्या डीएसएलआरसाठी सिग्माची १७-५० आणि टॅमरॉनची १७-५० वापरलेल्या स्थितीत मिळतात. मिररलेससाठी २०२१ मध्ये आलेल्या सिग्माच्या १८-५० आणि टॅमरॉनच्या १७-७० या दोन्हींचा विचार करावा. सिग्माची लेन्स सुमारे ३०० ग्रॅमची असल्याने बॅगेत राहते आणि म्हणूनच वापरली जाते. टॅमरॉनचे ७० चे टोक चेहऱ्यांसाठी अधिक उपयोगी, पण ती बरीच मोठी आहे.

एपीएस-सी कॅमेऱ्यावर २८-७५ घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. घरच्या वापरासाठी तो मला पटत नाही. तीन मीटर रुंदीत बसलेले कुटुंब चौकटीत घ्यायला १८ मिलीमीटरला सव्वादोन-अडीच मीटर मागे जावे लागते, तर २८ ला साडेतीन मीटरहून अधिक; बारा फुटांच्या दिवाणखान्यात पाठ भिंतीला टेकते आणि कडेची माणसे तरीही बाहेर राहतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर हीच लेन्स अगदी योग्य आहे.

आवडलेले फोटो ५५ च्या टोकाला गोळा झाले असतील आणि तक्रार पार्श्वभूमीची असेल, तर एक साधा भागाकार करावा: फोकल लेन्थला एफच्या आकड्याने भागावे. एकाच कॅमेऱ्यावर चेहरा चौकटीत तेवढ्याच आकाराचा ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती धूसर होईल हे त्या उत्तरावर ठरते. किट लेन्सला ५५ भागिले ५.६ म्हणजे सुमारे १०, ५० मिलीमीटर एफ २.८ ला १८, ५० मिलीमीटर एफ १.८ ला २८, आणि स्वस्तातल्या ५५-२५० च्या लांब टोकाला, एफ ५.६ असूनही, ४५ येतात. बाहेर, दिवसा, बागेत पोर्ट्रेट काढणाऱ्यांना महागड्या लेन्सऐवजी ५५-२५० किंवा ५५-२०० सुचवतो तो यामुळेच. अट एवढीच की २५० ला डोके-खांद्यांच्या फोटोसाठी साडेसहा मीटर मागे जावे लागते, म्हणजे घरात तिचा उपयोग नाही. घरात चेहऱ्यांचेच फोटो काढायचे असतील, तर झूम सोडून ५० मिलीमीटर एफ १.८ घ्यावी, ती सर्वांत स्वस्त आहे. फुल-फ्रेमवाल्यांनी २४-७० एफ २.८ आणि २४-१०५ एफ ४ यांचाही असाच भागाकार करून पाहावा: दोन्ही उत्तरे २५ आणि २६ येतात, म्हणजे पार्श्वभूमीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. अंधाऱ्या खोलीत मात्र एफ २.८ चा दुप्पट प्रकाश उपयोगी पडतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ७०-२०० एफ २.८ लागते, हे खरे आहे. ती एक ते दीड किलोची असते आणि वर्षातून एक-दोनदाच बाहेर निघते. मुंबई-पुण्यात ती दिवसाच्या भाड्याने मिळते, तशी घ्यावी. १८-३०० सारख्या एकाच लेन्समध्ये सर्व देणाऱ्या झूम सहलीसाठी सोयीच्या आहेत, पण लांब टोकाला त्या एफ ६.३ पर्यंत जातात, त्यामुळे रात्रीच्या घरच्या फोटोंची तक्रार त्यांनी सुटत नाही.

पैसे देण्यापूर्वी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी, तपासावा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या लेन्सवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्माची १८-५० २०२४ मध्ये आली. सोनी माउंटची लेन्स त्यावर बसत नाही. मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा अन्यत्र वापरलेली लेन्स घेताना टॉर्च, आपला कॅमेरा आणि रिकामे कार्ड बरोबर न्यावे, दुकानातल्या भिंतीवरच एफ २.८ आणि एफ ८ चे फोटो घेऊन कोपरे मोठे करून पाहावेत. नवी लेन्स घेताना बिलावर लेन्सचा क्रमांक आणि भारतातील वॉरंटी लिहून घ्यावी, आणि परतीची मुदत संपण्याआधी घरी वर्तमानपत्राची चाचणी पूर्ण करावी.